हूटगळ्ळीचा ॲक्सल आणि नाक्यावरचा पाना

म्हैसूर शहर मागे टाकून हुणसूरच्या रस्त्याला लागले की हूटगळ्ळी येते. काही वर्षांपूर्वी इथे नगरसभा आली, पण ओळख अजून औद्योगिक वसाहतीचीच. या नावाशी मराठी वाचकाचे काय देणेघेणे, असे वाटणे साहजिक आहे. देणेघेणे आहे आणि ते रोजचे आहे. पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकी भागीदाराला सोबत घेऊन १९८१ मध्ये काढलेली ‘ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स’ ही कंपनी इथलीच. ट्रक-बसचे ॲक्सल आणि ब्रेक ती बनवते, अशोक लेलँड हे तिचे मोठे गिऱ्हाईक. तेव्हा कुंभार्ली घाट चढणाऱ्या एखाद्या मालट्रकखाली हूटगळ्ळीत घडलेला ॲक्सल असला तर त्यात नवल नाही. ॲक्सलच्या कारखान्यात गिअरचे दात मायक्रॉनमध्ये मोजतात, बेअरिंगवर किती दाब हवा ते ठरलेले असते आणि महत्त्वाचा प्रत्येक नट किती जोराने आवळायचा याचा आकडा कागदावर असतो. मग तो ॲक्सल गाडीखाली बसतो, गाडी रस्त्यावर येते, पहिले पंक्चर होते आणि नाक्यावरच्या दुकानातला मुलगा पान्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहतो. तिथे आकडा संपतो आणि अंदाज सुरू होतो.

माझे म्हणणे या एका जागेपुरतेच आहे. टायर झिजतो, ब्रेकपॅड झिजतात, वायपरचे रबर सुकते हे सगळ्यांना मान्य असते. चाकाचा नट मात्र आपण अमर समजतो. त्याचे कोपरे गेले, तो गंजला, फुगला, आट्यांत खरखर लागू लागली, तरी ‘अजून बसतोय ना?’ या एका प्रश्नावर तो वर्षानुवर्षे चालतो. वास्तविक नट हा झिजणारा, कधी ना कधी बदलावा लागणारा भाग आहे आणि तो आवळण्याचा एक ठरलेला आकडा आहे. हा आकडा कारखान्याच्या फाटकाशी अडकून पडला आहे. तो टायरच्या दुकानापर्यंत पोचवण्याचे काम कुणाचे, हे ठरवायची वेळ आली आहे.

आकड्याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी नट नेमके काय करतो ते पाहावे लागेल. चाक नटांवर टांगलेले असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होते, ते गाडीचे वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका सोसते. साध्या मोटारीचा १२ मिलिमीटरचा स्टड घ्या. टोयोटाच्या बहुतेक मोटारींसाठी नट १०३ न्यूटन-मीटरने आवळायला सांगितलेला असतो. एवढ्या जोराने आवळलेला एकेक नट चाकाला ढोबळमानाने ४ टनांच्या दाबाने धरून ठेवतो. आणि एवढा दाब निर्माण करताना स्टड ताणला जातो तो किती? जेमतेम माणसाच्या केसाच्या जाडीइतका. सगळा खेळ या केसभर ताणाचा आहे. चाक आणि हब यांच्यामध्ये गंजाचा एखादा पापुद्रा राहिला, रिमला नुकताच दिलेला रंग नटाखाली दबून बसला, की चार-दोन दिवसांत तेवढीच केसभर जागा मोकळी होते आणि स्टडचा ताण जवळजवळ संपतो. नट जागेवरच दिसतो, हाताने हलतही नाही, पण चाक आता दाबून धरलेले नसते. ते सूक्ष्म घसरत राहते, नटाला फिरवत राहते, स्टडला वाकवत राहते. म्हणून चाक काढून बसवले की ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा, असे जाणकार सांगतात. किती दुकानांत हे गिऱ्हाइकाला सांगितले जाते, ते वाचकांनी आपल्या आठवणीतून पडताळून पाहावे.

आता फुगलेल्या नटाकडे येऊ. अनेक मोटारींचे नट दिसायला चकचकीत असतात. वरून अखंड वाटणारा हा नट मुळात दोन तुकड्यांचा असतो: आत साधे पोलाद आणि त्यावर क्रोम किंवा स्टेनलेस स्टीलची पातळ टोपी चढवलेली. टोपीच्या कडेतून पाणी आत शिरते. आतले पोलाद गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे टोपी आतून फुगते. १९ नंबरचा नट साडेएकोणीस होतो. १९ ची गोटी, म्हणजे पान्याचे सॉकेट, त्यावर बसत नाही आणि २० ची सैल पडते. मिस्त्री मग १९ चीच गोटी हातोडीने ठोकून बसवतो किंवा २० ची लावून कोपरे गोल करून टाकतो. पुढच्या खेपेला टोपी गोटीतच अडकून निघते आणि आतला बारीक, गंजका गाभा स्टडवर राहतो, त्याला कुठलाच पाना धड लागत नाही. अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांच्या अशा नटांवरून ग्राहक कोर्टात गेले, कारण रात्री महामार्गावर टायर बसला आणि गाडीसोबत दिलेला पाना गाडीच्याच नटाला लागेना, असा हा प्रकार होता. हूटगळ्ळीवरून जाणारा हुणसूर रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग २७५; तो पुढे मडिकेरीच्या पावसातून मंगळूरच्या खाऱ्या हवेत उतरतो. आपल्याकडे आंबा घाटातून रत्नागिरीला उतरणाऱ्या गाडीची गतही तीच. चार महिने धो-धो पाऊस, वर्षभर दमट हवा आणि वरून प्लास्टिकच्या व्हील कव्हराखाली झाकलेले नट. नटाला गंजायला याहून सोयीची जागा कुठली असणार?

यावर उपाय अगदी साधा आहे. टोपीचे नट फुगायला लागले की चारही चाकांचे नट काढून त्या जागी एकसंध पोलादाचे नट लावायचे. टोपी नसलेला नट फुगत नाही. गंजला तरी त्याचे माप बदलायला फार वर्षे लागतात. पण ‘नवे नट’ म्हणजे दुकानातल्या डब्यात हाताला लागतील ते नट नव्हेत. मारुतीच्या मोटारींना १२ मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा नट लागतो. ह्युंदाई आणि टोयोटाच्या मोटारींना १२ चाच, पण दीड मिलिमीटर आट्यांचा. दोन्ही हातात घेतले तर एकसारखे दिसतात. चुकीचा नट एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. मग ‘जरा जड जातोय’ म्हणून पाना लावला की स्टडचे आटे गेलेच. गंमत पाहा, टोयोटाचा बिल्ला लावून २०१९ मध्ये आलेली ग्लान्झा मुळात बलेनो. तिच्यासाठी टोयोटाचा समजून नट आणला तर तो बसायचा नाही. आट्यांइतकेच महत्त्व नटाच्या बुडाला आहे. बहुतेक नटांचे बूड शंकूसारखे निमुळते असते, होंडाचे गोलाकार असते, टोयोटाच्या अनेक अलॉय चाकांना वायसर असलेला सपाट बुडाचा नट लागतो. चाकातल्या खोबणीशी बूड जुळले नाही, तर नट पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक कडेवर टेकतो. त्या कडेखाली अलॉय दबत जाते आणि वर सांगितलेला केसभर ताण हळूहळू निघून जातो. बाहेरून आणलेली अलॉय चाके हौसेने बसवताना जुनेच नट वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. नव्या नटाच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावण्याची सवयही चांगली समजली जाते. कंपनीने तसे सांगितले नसेल तर ती घातक आहे. पान्याला लावलेल्या जोरातला फक्त दहावा हिस्सा स्टड ताणण्यात जातो, उरलेला घर्षणात. तेलाने घर्षण घटले की त्याच जोरात स्टड ठरल्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो.

पहिला आक्षेप अर्थात मिस्त्रीच्या हाताचा. वीस वर्षे चाके काढणाऱ्याच्या हाताला जोर कळतो, त्याला जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना कशाला? मिस्त्रीच्या हाताबद्दल मला आदर आहे. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे कान या देशात आहेत आणि त्यांनी हजारो गाड्या चालत्या ठेवल्या आहेत. पण इथे प्रश्न हाताचा नाही, कारण हात वापरलाच जात नाही. पाय वापरला जातो किंवा हवेची गन. थोडा हिशोब करू. ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला, उडीही मारली नाही, तरी नटावर २०० न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो. म्हणजे हव्या त्या जोराच्या दुप्पट. पान्याला नळी जोडून लांबी दुप्पट केली की चौपट. हवेची गन हाच जोर डोळ्याची पापणी लवायच्या आत देते आणि ती धरणाऱ्या हाताला त्याचा पत्ताही लागत नाही. जास्त आवळले तर बिघडले काय, घट्टच बसेल की, असे यावर म्हटले जाते. स्प्रिंग तिच्या मर्यादेपलीकडे ओढली की परत आखडत नाही, स्टडचेही तसेच. एकदा मर्यादेबाहेर ताणलेला स्टड पुढे कधीच पुरेसा दाब देत नाही आणि एखाद्या खड्ड्यात तुटून जातो. कमी-जास्त आवळलेल्या नटांनी ब्रेकची डिस्क वाकडी बसते, मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते आणि गिऱ्हाईक विनाकारण डिस्क बदलते. शिवाय दुकानात गनने बसवलेला नट रात्री रस्त्यावर डिकीतल्या वीतभर पान्याने सुटत नाही. म्हणजे फुगलेला नट आणि अतिआवळलेला नट हे दोघे मिळून गाडीमालकाकडची स्टेपनी असून नसल्यासारखी करतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मोटारीला सोळा किंवा वीस नट; चांगल्या प्रतीचे पूर्ण संच घेतले तरी एका नव्या टायरच्या किमतीच्या जवळपासही खर्च जात नाही. टॉर्क पाना काही हजारांत मिळतो. व्हील अलाइनमेंटचे लाखांचे यंत्र, त्यासमोर काचेची खोली आणि गिऱ्हाइकाला कॉफी देणाऱ्या दुकानाला तो परवडत नाही, हे पटत नाही. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याची गोष्ट वेगळी. त्याची दिवसाची कमाई पाहता त्याच्यावर हा बोजा टाकणे अन्यायाचे होईल. पण त्यानेही गनने आवळण्याऐवजी हातपान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले आणि ‘पुढच्या दुकानात एकदा तपासून घ्या’ एवढे सांगितले, तरी पुष्कळ झाले.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात मजेशीर वाटतो: चारांतला एक नट गेला तर काय झाले, टाटांच्या नॅनोला चाकाला तीनच नट होते ना? होते. पण नॅनोचे तीन नट वर्तुळाचे तीन समान भाग करून बसवलेले होते आणि ती गाडी मुळातच हलकी होती. चार नटांच्या चाकातला एक काढला की उरलेले तीन एका बाजूला कलंडलेले राहतात. मोकळ्या बाजूला चाक प्रत्येक फेरीत किंचित उघडझाप करते आणि शेजारचे दोन नट त्याचा मार खातात. तीन पायांचे स्टूल भक्कम उभे राहते. चार पायांच्या खुर्चीचा एक पाय मोडला की तिच्यावर कुणी बसत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातले बहुसंख्य बळी अतिवेगाच्या खात्यात मोडतात. हेल्मेट नाही, पट्टा नाही, उलट्या दिशेने गाडी, दारू. एवढे सगळे समोर असताना नटांचे पुराण कशाला? प्रश्न रास्त आहे आणि नट हे मृत्यूचे मोठे कारण आहे, असा माझा दावाही नाही. या अहवालात कारणांचे जे रकाने आहेत त्यात वेग, दारू, मोबाइल, सिग्नल तोडणे, उलट दिशा अशी नावे आहेत; निखळलेले चाक ‘इतर’मध्ये जाऊन पडते. पण उपाय निवडताना आजार किती मोठा एवढेच पाहायचे नसते, औषध किती स्वस्त हेही पाहायचे असते. वेग कमी करायचा तर कोट्यवधी चालकांचा स्वभाव बदलावा लागतो. नट ठरल्या जोराने आवळायला दुकानागणिक एक पाना लागतो.

इतर देशांनी हे गांभीर्याने घेतले आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात ट्रकांची निखळलेली चाके मोटारींवर आदळून माणसे दगावली, तेव्हा १९९७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदाच केला. व्यापारी वाहनाचे चाक निखळले की चालवणारी कंपनी दोषी. आम्ही काळजी घेतली होती, हा बचाव चालणार नाही. दंड ५० हजार डॉलरपर्यंत. कायदा कठोर होता, ट्रकवाल्यांनी त्याला कोर्टात आव्हानही दिले, पण तो टिकला. ब्रिटनमध्ये २००६ च्या एका सरकारी अभ्यासाने अवजड वाहनांची वर्षाला १५० ते ४०० चाके निखळत असावीत आणि त्यात ३ ते ७ प्राणघातक अपघात होत असावेत, असा अंदाज मांडला. निखळणारी चाके बहुतेक डाव्या बाजूची, मागची. तिथेही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, त्यामागे हाच अनुभव होता. आज दोन्ही बाजूंना सरळ आट्यांचा नट आला, तेव्हा योग्य जोराने आवळण्याला आणि पुन्हा तपासण्याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आले. युरोपातल्या ट्रकच्या नटांवर पिवळे प्लास्टिकचे बाण दिसतात ते याचसाठी: नट जरा फिरला की बाणांची रांग मोडते आणि चालकाला खाली वाकून बघताच कळते.

आपल्याकडे व्यापारी वाहन निदान तपासणीला जाते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे तिचे नट सरकारी डोळ्यासमोर पंधरा वर्षे येतच नाहीत. त्यात २०२० पासून टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे किट असलेल्या मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली आहे. स्टेपनी नाही म्हणजे मालकाने स्वतः चाक काढण्याचा प्रसंगच नाही, आणि नट फुगल्याचे कळते ते दुकानात, गोटी बसेना तेव्हा.

म्हणून तीन गोष्टी मागाव्यात आणि त्या ज्याच्या त्याच्याकडे मागाव्यात. वाहन कंपन्यांनी टोपीचे नट बंद करावेत. चकाकीच हवी असेल तर एकसंध नटाला मुलामा देता येतो. ड्रायव्हरच्या दारापाशी टायरच्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो, त्याच तक्त्यात नटाचे माप, आट्यांचे अंतर आणि आवळण्याचा आकडा छापावा. एक ओळ वाढेल, खर्च शून्य. सरकारने टायर आणि अलाइनमेंटच्या दुकानांना बिलावर तो आकडा लिहिणे बंधनकारक करावे. ‘एफ. आर. ३३, आर. आर. ३३’ अशी हवा बिलावर लिहिली जातेच, तिच्याखाली नटाचा जोर लिहायला जागा आहे. ऑन्टारियोसारखा कठोर कायदा मी लगेच मागणार नाही. ज्याच्या हातात पाना आहे त्याला आकडाच माहीत नसेल, तर त्याला दंड करणे हा उलटा न्याय ठरेल. आधी आकडा पोचू द्या.

तोवर गाडीमालकाला थांबण्याचे कारण नाही. गाडीच्या पुस्तिकेत चाक बदलण्याच्या प्रकरणात हा आकडा असतो. तो शोधा आणि डिकीत जॅकच्या खणावर पक्क्या शाईने लिहून ठेवा.